समोर भिंत आहे

(भावाचं नवं घर. आई गेल्यावर तिची खोली आवरायला बहीण आली आहे.)

बहीण : दादा, दिसत नाही म्हणून बाबांना घेतलेलं ते वाट सांगणारं यंत्र गळ्यात अडकवून मी आत्ता घरभर फिरले. डावीकडे न्हाणीघर, उजवीकडे स्वयंपाकघर, सगळं बरोबर सांगतं. फक्त आईच्या दाराशी म्हणतं, समोर भिंत आहे, मागे वळा.

भाऊ : बिघडलं असेल.

बहीण : बसवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तुमच्या भावानंच यंत्रात तसं भरायला सांगितलं.

भाऊ : हो, सांगितलं. आईचा जरा डोळा लागला की बाबा चाचपडत यायचे, पलंगाला धडकायचे. एकदा सलाईनची नळीच ओढली गेली. तू नव्हतीस निस्तरायला.

बहीण : आणि ते फसले?

भाऊ : डोळे नुकते गेलेले, घर नवं. आपणच चुकलो म्हणायचे आणि फिरायचे.

बहीण : आई मला फोनवर म्हणायची, इतक्या वर्षांचा संसार, आणि आता हे दारातही उभे राहत नाहीत. तुला विचारायची ना?

भाऊ : विचारायची. मी सांगायचो, त्यांना बघवत नाही.

बहीण : आज बाबांना सगळं सांगणार आहे मी.

भाऊ : सांग की. तुझं मन मोकळं होईल. मग ते माझ्या हातचं पाणीही घेणार नाहीत. बॅग भरून देतो, आजच ने त्यांना. का गं, नवऱ्याला विचारायचंय?

बहीण : माझं घर दोन खोल्यांचं आहे, दादा.

भाऊ : मग मला शहाणपण शिकवू नकोस. आले बघ ते.

बाबा : चिमे, आहेस का गं? माझं यंत्र कुणी नेलं?

बहीण : माझ्याकडे आहे, बाबा. पुसायला घेतलं होतं.

बाबा : एक विचारू? शेवटी शेवटी मला तुझ्या आईची खोलीच सापडेना. रोज निघायचो, रोज चुकायचो. तिनं विचारलं का गं माझ्याबद्दल?

भाऊ : बाबा, आधी बसा बरं.

बाबा : तुला नाही विचारलं. ती मनातलं हिलाच सांगायची.

बहीण : तिला शुद्धच नसायची, बाबा. कोण आलं, कोण नाही, काही कळत नव्हतं.

बाबा : म्हणजे मी नव्हतो, हे तिला कळलं नाही.

बहीण : नाही.

बाबा : सुटलो गं. फार टोचत होतं.

बहीण : मान जरा खाली करा, बाबा. यंत्र घालते.