पट्टीला लागलेला हात

(चिंचवडचा एक कारखाना, १९८०, दसऱ्यानंतरचा आठवडा. प्रयोगशाळेचे प्रमुख मारुतराव, नवा तंत्रज्ञ विलास, जुना फिटर जयसिंग. इथलं एक यंत्र तांब्याच्या पट्टीवर हेलियमचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, मारतं आणि परत येणारे मोजतं.)

मारुतराव : ...तांब्याच्या पट्टीला तुझा हात लागला. कबूल कर आणि मोकळा हो.

विलास : हातमोज्याशिवाय मी पट्टी धरत नाही, साहेब.

मारुतराव : मग आयन गेले कुठे? गिळलेस? दसऱ्याआधी सेकंदाला नऊशे मोजले जात होते, आता साठ! हा मेमो तयार आहे. ‘निष्काळजीपणे उघड्या हाताने पट्टी हाताळली.’ माझी सही झाली की तू घरी.

विलास : आयन कुठे जात नाहीत. हेलियमचा आयन पट्टीवर आपटतो, तिच्यातला इलेक्ट्रॉन उचलतो आणि साधा अणू होऊन परततो. भार गेला, म्हणून आपल्या यंत्राला दिसत नाही. स्वच्छ तांब्यावरही बहुतेकांचं असंच होतं. भार राखून येतात ते मोजकेच.

मारुतराव : मला शिकवतोस?

विलास : तुम्ही विचारलंत. तांब्यावर भलतंच काही बसलं, की ते मोजकेही येत नाहीत.

मारुतराव : तेच म्हणतोय! हाताची घाण बसली.

विलास : हाताची, की माझ्या हाताची?

मारुतराव : तोंड सांभाळ. ही भाषा युनियनच्या सभेत.

विलास : नोंदवही बघा. खंडेनवमीला सकाळी नऊशे. सुट्टीनंतर पहिलाच आकडा साठ. मधे फक्त तुमची पूजा झाली. मला तर तुम्हीच घरी पाठवलंत, ‘तू बौद्ध, तुझं इथं काय काम?’ म्हणून.

मारुतराव : पूजेनं कधी यंत्र बिघडतं? सांग रे जयसिंग.

जयसिंग : मला काय कळतंय त्यातलं, साहेब.

विलास : मग यंत्राचं झाकण उघडा.

मारुतराव : वेड लागलंय? आतली हवा परत काढून टाकायला दोन दिवस जातील.

विलास : जाऊ द्या. माझ्या पगारावर घरात सहा माणसं जेवतात.

मारुतराव : उघड रे जयसिंग. एकदाचं याचं तोंड बंद होऊ दे.

जयसिंग : नगं साहेब. ऱ्हाऊ द्या.

मारुतराव : उघड म्हणतो ना!

जयसिंग : ...घ्या. उघडलं.

विलास : हे लाल काय आहे, साहेब? पट्टीच्या बरोबर मधोमध. बोटाचा ठसासुद्धा दिसतोय.

जयसिंग : कुंकू हाय. त्या दिशी फिलामेंट बदलाया झाकण उघडंच व्हतं. साहेब म्हनले, यंत्राचा जीव आत हाय, टिळा तितंच लावू. ताट म्या धरलं व्हतं.

मारुतराव : आणि इतके दिवस गप्प बसलास?

जयसिंग : तुमी साहेब. आमी काय बोलनार?

मारुतराव : एवढीशी टिकली! देवाचं कुंकू म्हणजे काय घाण आहे?

विलास : हेलियमला देव कळत नाही, साहेब.

मारुतराव : पुरे. जयसिंग, स्पिरिट घे आणि पूस. ऑफिसात कुणाला कळता कामा नये. मेमोचं उद्या बघू.

जयसिंग : पुसतो की साहेब. आदी त्यो कागद फाडा.