नागपूरची बदली आणि परबची सही

आम्ही मूळचे अकोल्याकडचे, असं सांगायची पद्धत आहे म्हणून सांगते, नाहीतर मी जन्मले कुर्ल्याला, शिकले कुर्ल्याला, आणि लग्नाआधी अकोला दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा मयतीला. वडील रेल्वेच्या यार्डात होते. घरात भांडी कमी आणि पुस्तकं जास्त, कारण वडील रद्दीवाल्याकडून किलोवर पुस्तकं आणायचे आणि आई म्हणायची, किलोवरच आणायचं होतं तर कांदे आणायचे. मी ती सगळी वाचली. माझी फी माफ होती, मॅट्रिक झाले, टायपिंग केलं, लग्न होऊन घाटकोपरच्या चाळीत आले आणि साकीनाक्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला लागले. कोण किती वाजता आलं, कोण आलंच नाही, हे लिहायचं काम. अकरा वर्षं तेच. तिथे पर्सोनेलचे जे साहेब होते, त्यांना मी फीमाफीत शिकले हे कुठून कळलं कोण जाणे, पण त्यानंतर माझी टायपिंगची चूक निघाली की ते म्हणायचे, सवलतीतलं शिक्षण, दुसरं काय होणार. हसून म्हणायचे. काय सांगू तुम्हाला, हसून बोललेलं जास्त वर्षं लक्षात राहतं.

तर त्र्याऐंशी साली कारखाना नागपूरला न्यायचं ठरलं. का, तर सरकारने तिकडचा भाग मागास ठरवला होता आणि तिथे कारखाना काढला की कर माफ, वीज स्वस्त, जमीन जवळजवळ फुकट. साहेबांनी ही बातमी सांगताना पेढे वाटले. मी पेढा घेतला आणि म्हटलं, साहेब, म्हणजे आता कंपनीपण सवलतीत. त्या दिवशी ते हसले नाहीत.

मग मांडव घालून सभा झाली. मालक आले, हार झाले, मागे भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि मुंबईपासून नागपूरपर्यंत लाल रिबन. साहेब म्हणाले, ही बदली नाही, हे सीमोल्लंघन आहे. माझ्या शेजारी परब बसला होता, प्रेस मशीनवरचा, आमच्याच चाळीतला, आमच्या दाराशेजारी त्याचं दार. तो मला म्हणतो, वैनी, सोना म्हणून आपट्याची पाना देतत वाटता. आम्ही दोघं तोंडावर हात ठेवून हसलो. तेव्हा हसत होतो आम्ही एकत्र. मी त्याला परबभावजी म्हणायची.

बावीस जणांना बदलीची पत्रं निघाली. एक जूनला नागपूरला हजर व्हायचं, जो त्या दिवशी मस्टरवर सही करणार नाही त्याने राजीनामा दिला असं समजण्यात येईल. समजण्यात येईल, हे शब्द बघा. माणसाने काही द्यायचं नाही, त्यांनीच समजून घ्यायचं. राजीनामा समजला की नुकसानभरपाई नाही. म्हणजे बावीस जणांना घालवायचं, आणि घालवलं म्हणून एक पैसा द्यायचा नाही, असा तो बेत. हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही, खर्चाचा अंदाज करायला बसले तेव्हा कळलं.

कारण तो अंदाज साहेबांनी मलाच करायला सांगितला. बावीस बिऱ्हाडं नागपूरला न्यायला काय लागेल ते काढा. मी चार दिवस खपले. ट्रक, गाडीभाडं, हमाली दोन वेळा, एकदा इथे उतरवायची आणि एकदा तिथे चढवायची. तिथल्या खोलीचं डिपॉझिट. मुलांच्या शाळेचे दाखले, नवीन प्रवेश, नवीन गणवेश. रेशनकार्डावरचं नाव इथे कमी करून तिथे चढेपर्यंत महिना-दोन महिने बाजारभावाने धान्य. गॅस बदलून मिळेपर्यंत रॉकेल. साहेबांनी लाल पेन घेतलं. शाळा काढली, ती ज्याची त्याची. रॉकेल काढलं, रेशन काढलं. हमाली एकदाच ठेवली, म्हणाले, तिथे तळमजला मिळेल. शेवटी मी इतर खर्च म्हणून थोडी रक्कम ठेवली होती, ती मात्र त्यांनी वाढवली आणि खाली लिहिलं, उद्‌घाटनास येणाऱ्या पाहुण्यांची व्यवस्था. मी तो कागद स्टेन्सिलवर टाइप केला, माझ्याच हाताने. वर मला म्हणतात कसे, तुम्हाला काय, तुमचं तर माहेर जवळ येणार. माझं माहेर कुर्ल्याला होतं, कंपनीपासून चालत अर्ध्या तासावर.

मग आला फॉर्म. घरातल्या सामानाची यादी करा, किंमत लिहा. एकूण किंमत तीन हजारांच्या आत भरली तर ट्रकमध्ये जागा नाही, वळकटी बांधा आणि रेल्वेने जा. आता चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तीन हजारांचं काय असणार. लोखंडी कपाट, पलंग, शिलाई मशीन, पितळेची भांडी. अडीच हजारांशी बहुतेक सगळे अडकले. आणि इथे आमची चूक झाली, आमची म्हणजे माझी आणि परबची.

आम्हा दोन घरांत मिळून एक टीव्ही होता. अर्धे पैसे त्यांचे, अर्धे आमचे. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत परबच्या खोलीत, दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत आमच्या खोलीत, आणि ज्याच्या खोलीत असेल त्याने दुसऱ्याच्या पोरांना दार बंद करायचं नाही, असा रिवाज. चाळीत अशा दोन-तीन जोड्या होत्या, कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. त्यामुळे यादी करताना परबने टीव्ही लिहिला, मी पण लिहिला, तो धरला की तीन हजार ओलांडायचे. आम्ही एकमेकांना विचारलंच नाही. विचारायचं काय त्यात, तो त्यांचाही होता आणि आमचाही होता. पण फॉर्मवर टीव्हीच्या लायसनचा नंबर मागितला होता. पोस्टातून लायसन काढावं लागायचं ना तेव्हा. दोन फॉर्मवर एकच नंबर.

साहेबांनी दोघांना केबिनमध्ये उभं केलं. टीव्ही कोणाचा, एकाने सांगा. मी सांगायला लागले, साहेब, तो सहा महिने यांच्याकडे, आणि ते म्हणाले, मला कालनिर्णय नको, मालक सांगा, लबाड कोण ते मला कळलं पाहिजे. मी परबकडे पाहिलं. लायसन त्याच्या नावावर होतं, कारण काढायचं होतं त्या दिवशी माझ्या नवऱ्याला, मधुकरला ताप होता. परब खाली बघत म्हणाला, माझा आहे साहेब. साहेबांनी विचारलं, यांचा काही संबंध. तो म्हणाला, नाय साहेब, त्यांची पोरगी बघायला येते.

बघायला येते. दोन वर्षं हप्ते भरले मी.

त्या क्षणापासून तो माझा भावजी राहिला नाही, नुसता परब झाला. मला मेमो मिळाला, खोटी माहिती दिल्यामुळे स्थलांतराचा कोणताही खर्च मिळणार नाही. साहेब वर म्हणाले, आता राजीनामाच लिहा, टाइप तर तुम्हाला येतंच. संध्याकाळी परबची बायको दाराशी आली, वैनी, ह्यांचा काय चुकला, पोरांचा तोंड बघून बोलले ते. मी म्हटलं, माझ्या पोरीला पण तोंड आहे गं. दार लावून घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या मजल्यावर दिवसाउजेडी कोणी दार लावलं असेल. आमचा अर्धा टीव्ही त्यांच्या खोलीतच होता, पाडवा होऊन गेला होता, तो तसाच त्यांच्या ट्रकमध्ये गेला. आजही त्यांच्याकडे आहे.

पण मी वाचणारी बाई. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बदलीचं पत्र काढलं आणि वकिलासारखं वाचलं. तीन परिच्छेद. त्यात ट्रकचा शब्द नाही, सामानाचा नाही. एक जूनला हजर व्हा, सही करा, एवढंच. म्हणजे साहेबांना माझा ट्रक काढता येत होता, नोकरी नाही. राजीनामा मी दिला तरच जाणार, किंवा एक तारीख चुकली तर.

घरी मधुकरला सांगितलं, मी एकटी जाते. त्याची गिरणी बंद, तो साकीनाक्यालाच एका वर्कशॉपमध्ये रोजावर, म्हणजे घर माझ्या पगारावर. मुलगी दहावीत जाणार, तिला हलवायची नाही. तो म्हणाला, बाईमाणूस एकटी नागपूरला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक खोलीचं भाडं भरणार असतील तर म्हणू देत. मग चिडून चिडून का होईना, त्याच स्टेन्सिलच्या खराब कागदामागे दोघांनी माझं अंदाजपत्रक केलं. सेकंड क्लासचं तिकीट. एक होल्डॉल, एक पत्र्याची पेटी. स्टोव्ह, दोन पातेली, एक ताट, तांदूळ-डाळ महिन्याची. डिपॉझिट द्यायला नको म्हणून कोणा शिक्षिकेच्या घरात कॉट बेसिसवर जागा, ती मधुकरनेच ओळखीतून शोधली, तोंड वाकडं करून. पोस्टातलं आवर्ती खातं मोडलं. बावीस बिऱ्हाडांच्या हिशेबाला चार दिवस लागले होते, माझ्याला पाऊण तास लागला.

एकतीस मेला मी नागपूरला उतरले. तुम्ही मे महिन्यात नागपूर पाहिलंय का? नका पाहू. एक तारखेला सकाळी नवाला कारखान्यावर गेले तर कारखाना कुठला, पत्र्याची शेड, अर्ध्या शेडला पत्रेही नाहीत. एक चौकीदार, एक टेबल, आणि टेबलावर मुंबईहून पोस्टाने आलेलं मस्टर. चौकीदार म्हणाला, बाई, साहेब काही आले नाहीत, तुम्ही कोण. मी टाइम ऑफिस, म्हटलं. दिवसभरात बावीसमधले तीन जण आलो. मी आणि पेंट विभागातले दोघं, जे माझ्यासारखेच गाडीने आले होते.

परब आणि त्याच्यासारखे आणखी तिघं ट्रकमध्ये बसून निघाले होते. कंपनीने त्यांना गाडीची तिकिटं दिली होती, पण सामान एकटं सोडायचं नाही, हे परबच्या हाडात. गावाला जाताना एसटीच्या टपावर बोजा असला तर प्रत्येक थांब्याला उतरून मोजणारी माणसं ती. तिकिटं परत केली आणि सामानावर बसले. ट्रकवाला साहेबांच्या ओळखीचा. त्याने नाशिकला दुसरा माल चढवला, धुळ्याला उतरवला, भुसावळला एक दिवस गाडीच दुरुस्तीला टाकली. तीन तारखेला दुपारी ट्रक शेडसमोर उभा राहिला. उरलेले पंधरा आलेच नाहीत, त्यांचा राजीनामा समजण्यात आला.

परब टेबलापुढे येऊन उभा राहिला. पाच दिवसांची दाढी, डोळे लाल. मस्टर माझ्यापुढे उघडं होतं. आता आमच्या कामातली गोष्ट सांगते, मस्टरचं पान साहेबाच्या सहीने बंद होतं. सही होईपर्यंत पान उघडं. आणि एक तारखेचं पान उघडंच होतं, कारण ज्या साहेबांनी एक तारीख घालून दिली, ते स्वतःच आले नव्हते. परबच्या नावापुढचा चौकोन कोरा होता. मी गैरहजेरीची लाल रेघ मारली असती तर विषय संपला होता. त्याला काही बोलता आलं नसतं, बोलणार काय, रेघ खरी होती. खोटं बोलून हा माझ्यावर उभा राहिला होता, मी खरं लिहून याला आडवा करू शकत होते. मी चौकीदाराला चहा आणायला सांगितला. चहा येईपर्यंत परब उभा, मी बसलेली. चहा प्याले. त्याला विचारला नाही.

मग मस्टर त्याच्याकडे फिरवलं आणि पेन ठेवलं.

तो म्हणाला, वैनी, आज तीन तारीख ना.

मी म्हटलं, तुझ्यापुढचं पान एक तारखेचं आहे. सही करायची तर कर, नाहीतर मुंबईचं तिकीट काढ. आणि वैनी म्हणायचं नाही.

त्याने सही केली, बाकीच्या तिघांनी केली. हे मी त्याची दया येऊन केलं असं तुम्ही लिहाल, तर नका लिहू. मला साहेबांना सात पगार द्यायला लावायचे होते.

चार तारखेला साहेब विमानाने आले. मस्टर पाहिलं, सात सह्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, ही माणसं एक तारखेला हजर होती? मी म्हटलं, आपण स्वतः होतात साहेब, आपणच सांगा. कारण त्यांचा बाहेरगावचा भत्ता एक तारखेपासून सुरू होता, हे मला ठाऊक होतं, ते बिलही मुंबईतच माझ्याकडून आगाऊ टाइप झालं होतं. त्यांनी थोडा वेळ पंख्याकडे पाहिलं, पंखा बंद होता. मग एक तारीख घालून आपली सही केली आणि पान बंद केलं.

त्याला चार वर्षं झाली. शेडला पत्रे लागले, उद्‌घाटन झालं, पाहुणे आले, खाऊन गेले. साहेब मुंबईला परत गेले, त्यांना ती हवा मानवली नाही. मी तिथेच आहे, त्याच कॉटवर. दिवाळीला आणि मे महिन्यात इथे घाटकोपरला येते, आले की मधुकर पहिले दोन दिवस बरा बोलतो, मग घर कोण चालवतं यावरून वाजतं, मग माझं तिकीट असतं. मुलगी कॉलेजात गेली. सुट्टीत नागपूरला ये म्हटलं तर म्हणते, आई, तिकडे काय आहे गं. पगार आहे, मी म्हणते.

परब रोज सकाळी माझ्यापुढे येतो, सही करतो, जातो. चार वर्षांत एक शब्द नाही. त्याने तिकडे दोन खोल्यांची जागा घेतली असं ऐकलं, मुलगा पॉलिटेक्निकला आहे असंही ऐकलं. त्याचं भलं होवो, मनापासून म्हणते. ते मला बघायला लागू नये, एवढंच.