साहेबांची शाल

अबे, आमच्या हिंगणघाटच्या ऑफिसात एक साहेब आलते, नव्या भरतीवाल्यायले नवी पेन्शन समजावाले. त्यायची स्वतःची जुनी, पक्की. आमाले मात्र सांगून राह्यले, "तुमच्या पगारातून कापलेला पैसा बाजारात लागतो. बाजार चढला, की पेन्शन चढेल."

"अन् पडला तं?" आमच्या ग्रामसेविका सुनीताताईनं विचारलं.

"भरवसा ठेवा, ताई."

भाषण संपलं. सत्कार कराले ताईच उठल्या. शालीसाठी साहेबानं मान वाकवली. ताईनं नुसते हात जोडले.

मान तशीच ठेवून साहेब हळूच म्हणाले, "शाल?"

"बाजारात लावली, साहेब. तुमी रिटायर व्हाल तवा शाल निघन का चिंधी, बाजारच ठरवन. भरवसा ठेवा."