उजवीकडचे पिवळे बल्ब

(परतवाडा. संध्याकाळ. अंगणात जुनी जीप उभी आहे. संध्या ड्रायव्हरच्या सीटवर. तिचे वडील देवराव, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, गाडीच्या मागे उभे.)

संध्या : डावा इंडिकेटर देला, बाबा. पाहा.

देवराव : झपझप झपझप. कालच्यावानीच.

संध्या : आता उजवा.

देवराव : उजवा बराबर हाये.

संध्या : बराबर?

देवराव : एकदम सावकाश. कसा मस्त मारून राहिला.

संध्या : असं कसं होईन? सकाऊन त दोन्ही बाजू नाचून राहिल्या होत्या. मी अजून हात बी नाही लावला.

देवराव : आपोआप बसला असन.

संध्या : वायरिंग आपोआप बसत नसते, बाबा. सरका, मी मांग येऊन पाहते. हा पिवळा काहून दिसून राहिला? माह्या एलईडीचा उजेड असा मरतुकडा नाही. बाबा...

देवराव : काय?

संध्या : इथं जुना बल्ब कोनं बसवला?

देवराव : मी. दुपारी तू पार्सल आनाले स्टँडवर गेली तवा. पुढचा बी बदलला, मांगचा बी.

संध्या : मले न विचारता?

देवराव : आयक. सारी सर्विस गेली माही एसटीत. इंडिकेटर झपझप मारे म्हंजे एक बल्ब गेला. टिकटिक आयकूनच समजे मले, खाली उतरा लागत नव्हतं. म्हटलं, तुया एलईडीतला एखादा गेला असन. बदलले त झालं ना बराबर. आता डावीकडचे बी बदलून टाकू अन् मोकये होऊ. उद्या पायटे तुले अकोटच्या बाया घेऊन चिखलदऱ्याले जायचं हाये.

संध्या : अन् घाटात धुई असली त मांगच्या गाडीले काय दिसन, तुमचा पिवळा बल्ब? मागच्या महिन्यात तुमी चालवत होते तवा तो ट्रक किती जवळ येऊन थांबला?

देवराव : थांबला ना.

संध्या : हातभरावर. अन् उतरून काय म्हनला?

देवराव : ते काही मले आठवत नाही.

संध्या : 'काका, तुमचं इंडिकेटर दिसलंच नाही,' म्हनला. तुमीच घरी येऊन आईले सांगतलं. त्या रात्री जेवले बी नाही. म्हून त मी हे एलईडी लावले.

दुर्गाबाई : (घरातून) जेवले होते. एकच भाकर खाल्ली, पन जेवले.

संध्या : आई, तू अंदरूनच साक्ष दे. बाहेर नको येऊ.

दुर्गाबाई : माही कनिक मयून व्हायची हाये. मले दोघायचं बी आयकू येते इथून.

देवराव : संध्या, माह्या सर्विसमधी एका गाडीले घासलं नाही मी. त्या दिवशी मले लय लागलं मनाले. म्हून त म्हनतो, उद्या मी तुया बाजूले बसतो. इंडिकेटर नाही दिसलं त मी हात बाहेर काढीन.

संध्या : त्या बायायनं गाडी ठरोली ते बाई ड्रायव्हर हाये म्हून. फोन मले आला, तुमाले नाही. तुमी बाजूले बसले की घाट लागल्याबरोबर म्हनतीन, 'काका, आता तुमी घ्या स्टीअरिंग.' अन् स्टँडवरचे म्हनतीन, देवराव पोरीले सांभाळाले गेला.

देवराव : म्हनू दे त्यायले.

संध्या : मले नाही चालत. एकदा बसले की तुमाले रोजच बसा लागन. गाडी बराबर झाली की मी एकटी जाईन, असं ठरलं होतं आपलं.

देवराव : बराबर झाली त. झाली का?

संध्या : आज होते. तुमी काढलेले एलईडी कुठी हायेत?

देवराव : खिशात.

संध्या : द्या. बॅटरीवर लावून दाखवते. हा पेटला का?

देवराव : पेटला.

संध्या : अन् हा दुसरा?

देवराव : हा बी पेटला. डोये दिपले माहे.

संध्या : म्हंजे बल्ब एकही गेला नव्हता.

देवराव : मंग झपझप काहून मारत होता?

संध्या : इंडिकेटरची उघडझाप करते तो फ्लॅशर. त्याले कुठी डोये असतात, बाबा? त्याले बल्ब दिसत नाही. वायरीतून करंट किती गेला, इतकंच त्याले समजते. जुना बल्ब भल्ला करंट खाते, एलईडी चिमूटभर. इतका कमी गेला की फ्लॅशरले वाटते, बल्ब गेला, ड्रायव्हरले सांगा जल्दी. तुमी एकच भाकर खाल्ली की आईले नाही का वाटत, यायले काहीतरी झालं.

दुर्गाबाई : वाटतेच.

देवराव : म्हंजे सारी सर्विस मी बराबर होतो अन् आजच चुकलो?

संध्या : तुमी एकटे नाही चुकले. फ्लॅशर बी तुमच्यासंगं चुकला.

देवराव : पन परवा तू ते रेझिस्टर लावलं होतं, तवा त दोन्ही बाजू सावकाश मारत होत्या.

संध्या : अन् बंपर जयाचा वास येऊन राहिला होता. ते तापते भलकसं. पत्र्यावर कसाले पाहिजे होतं, मी प्लास्टिकजवळ बांधलं. ती माही चूक. अन् मले ते पटत बी नाही. एलईडी लावून करंट वाचवाचा, अन् तोच करंट रेझिस्टरमधी जाळाचा. म्हून आपल्या पिंटूले फोन केला, एलईडीचा फ्लॅशर पाठव म्हटलं. आज त्यानं अकोल्यावरून एसटीत कंडक्टरच्या हाती देऊन पाठोला. तेच पार्सल होतं दुपारचं.

देवराव : मले वाटलं, पोरानं मायसाठी काही पाठोलं.

दुर्गाबाई : मायसाठी कायले पाठोते तो. बहिनीनं मांगतलं की धावते.

संध्या : बाबा, टॉर्च धरा. इथं, डॅशबोर्डच्या खाली. अजून उलसकसा वर. हा जुना फ्लॅशर निघाला. नवा बसला. याले ही एक काळी वायर जास्तीची हाये, अर्थिंगची, गाडीच्या लोखंडाले जोडाची. ती या बोल्टाले कसते. झालं. जा मांग.

देवराव : दे डावा.

संध्या : देला.

देवराव : पेटला.

संध्या : अन्?

देवराव : अन् पेटलाच. विझून नाही राहिला.

संध्या : झपझप?

देवराव : झपझप बी नाही अन् सावकाश बी नाही. नुसता जळून राहिला. बल्ब बदलू का?

संध्या : हात नका लावू बल्बाले.

देवराव : नाही लावत. हात खिशात हायेत माहे.

संध्या : बल्ब चांगले. फ्लॅशर नवा. पिना बराबर बसल्या. राहिली ही अर्थिंग. टॉर्च द्या इकडे. हे पाहा, बोल्टाले रंग हाये. मागच्या साली गाडी रंगोली तवा पेंटरनं बोल्टासकट रंगोलं. रंगावर वायर कसली मी. अर्थिंग भेटन कुठून?

देवराव : पॉलिश पेपर देऊ?

संध्या : द्या. असं चांगलं लोखंड दिसाले पाहिजे. आता कसला. जा पाहू.

देवराव : दे.

संध्या : देला.

देवराव : पेटला. विझला. पेटला. विझला. संध्या, एकदम सावकाश मारून राहिला. अन् काय उजेड हाये याचा.

संध्या : आता उजवीकडचे तुमचे पिवळे काढते अन् माहे बसवते.

देवराव : तू बस तथीच. मी बसवले, मीच काढतो. हा मांगचा झाला. पुढचा बी झाला. दे उजवा.

संध्या : देला.

देवराव : बराबर. आता चारी संग मार. बराबर. थांब, चालूच ठेव. मी रोडवर जाऊन पाहतो.

दुर्गाबाई : हे कुठी चालले?

संध्या : इंडिकेटर किती लांबून दिसते ते पाहाले.

दुर्गाबाई : इतक्या लांब? अचलपूरपासून पाहून येतीन का?

संध्या : जाऊ दे त्यायले. आई, तुले सांगते, बाबा नाही आले बाजूले, तरी मले घाटाचं भेव नाही. पन ते रागानं घरी राहिले, त माहं ध्यान रस्त्यावर नाही राहनार.

दुर्गाबाई : मले माहीत हाये. म्हून त मी दोन दिवसांपासून काही बोलून नाही राहिलो. तुमचं तुमी पाहा म्हटलं.

संध्या : बोलून नाही राहिली?

दुर्गाबाई : जेवनाचं बोललो. ते बोलनं नाही होत.

देवराव : संध्या, बंद कर आता. खुशालरावच्या दुकानापासून दिसते. तथी चारपाच ड्रायव्हर बसले होते, सगळ्यायले उठवून दाखवलं.

संध्या : काय म्हनले?

देवराव : खुशालराव म्हने, 'कोन्या मेकॅनिककडून करून घेतलं, देवराव? माह्या गाडीचं बी झपझप मारते.' मी म्हटलं, मेकॅनिक घरचीच हाये. गाडी घेऊन ये परवा. उद्या तिले टाईम नाही.

संध्या : मले विचाराचं त होतं.

देवराव : ते राहिलंच. एक सांगतो तुले. स्टँडवर मी कवाचा सांगत फिरून राहिलो, माही पोरगी गाडी चालोते बी अन् खोलते बी. पन सांगतांनी अंदरून धाकधूक राहे मले. लोक हासतीन का, असं वाटे. आज नाही वाटलं. आज छाती काढून सांगतलं.

संध्या : बाबा, तुमी असे बोलले की मले समजत नाही काय म्हनावं.

देवराव : काही म्हनू नको. चाकाची हवा पाहून घे.

दुर्गाबाई : हात धुवा पह्यले, दोघायचे बी कायेकुट्ट झाले. अन् सकाऊन डबे किती भरू ते सांगा. दोन ना?

संध्या : बाबाले विचार.

देवराव : एकच भर. मी उद्या घरी जेवतो.