टाकीवरच्या मॅडमचा पगार

...अन् गाडी वेगळी, बंगला वेगळा, बंगल्यातल्या बगीच्याले माळी वेगळा! एक लाख अडतीस हजार महिना, अन् करते काय? हे मी नाई म्हनत बाप्पा, तुमाले सांगतो, आमचे शेजारी महादेवराव म्हनत. बत्तीस वर्षं एस्टीत कंडक्टर होते, उभ्या उभ्या नोकरी केली, दोनी गुडघे एस्टीले देऊन घरी आले. अन् आमच्या नगरपरिषदेत मुख्याधिकारी कोन, तं आकांक्षा मॅडम, वय असंल तिशीचं! गावाचं नाव इचारू नका, अकोल्याहून दीड तासावर हाय, बस. महादेवरावनं माहितीच्या अधिकारात मॅडमच्या पगाराचा कागद काढला अन् खिशात घालून गावभर फिरले. टपरीवर कागद, सलूनमंदी कागद, मयतीत गेले तं तेथी बी कागद... लोक डोये पुसून राह्यले अन् हे हळूच म्हनतात, एक लाख अडतीस हजार, अन् करते काय?

लोकाइले पटे बी. काहून नाई पटनार? नळाले पानी बाराव्या दिवशी! सोमवारी नगरपरिषदेत नागरिकांची सभा होती, महादेवराव तेथी उभं राहून बोलनार, हे ठरूनच गेलतं.

आता तुमी आइका. मे महिना, दुपारचे दोन, पंचेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रं नाई. महादेवराव ओट्यावर बसले होते, तं समोरच्या पान्याच्या उंच टाकीवर त्याइले कोनी तरी चढताना दिसलं. तोंडाले पांढरा दुपट्टा बांधेल. वर गेलं, उभं राह्यलं... अन् नाईसं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन वाजता. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या दिवशी टाकीखाली मॅडमची गाडी दिसली, मंग महादेवरावची ट्यूब पेटली. वर गार लागत असंल, मॅडम डुलकी घ्यायले जाते! फोटो काढतो, म्हने, अन् सभेत दाखवतो.

एकशे अठरा पायऱ्या, तुमाले सांगतो, अन् हे गुडघे! लोखंडी कठडा असा तापेल का हात ठेवता येईना. वर पोचले तं कोनीच नाई. नुस्तं झाकन उघडं, अन् आतून, खोल अंधारातून, बाईमानसाचा आवाज... "साठ." मंग तोच आवाज फिरून आला, साठ... साठ... अन् चौथा जो आला ना, तो त्याइले बाईचा वाटलाच नाई. महादेवरावच्या पाठीतला घाम थंडगार झाला. फोटो कुठचा, मोबाइल खिशातच राह्यला.

मॅडम आतल्या शिडीवरून वर आली. हातात मोजायचा टेप. महादेवरावले पाहून जराही दचकली नाई, पयले पान्याची बाटली देली, मंग सांगतलं. टाकीत पानी हाय साठ सेंटिमीटर. पंपघरातल्या रजिस्टरात रोज लिवेल असते तीन मीटर. त्यावर भरवसा ठेवून बाकी वस्तीचा व्हॉल्व उघडला का टाकी रिकामी, अन् शेवटी असलेल्या दवाखान्याले थेंब जात नाई. म्हनून ती रोज स्वतः मोजते.

तीन मीटर लिवते कोन मंग, महादेवरावनं इचारलं.

"अक्षर नत्थुजींचं आहे, जुन्या रजिस्टरांशी जुळतं," मॅडम म्हने.

नत्थुजी आमचा जुना व्हॉल्वमन. महादेवरावनं बाटलीचं झाकन लावलं. मंग म्हने, "मॅडम, त्याले जाऊन दोन वर्षं झाले. म्या खांदा देला त्याले."

दोघं खाली आले. पंपघराच्या दारात चौकीदार गोवर्धन, सकाळपासून जागचा हालला नाई, म्हने आत कोनी गेलं नाई. रजिस्टर उघडलं. त्याच तारखेची ओळ, तीन मीटर, आकड्याचं शेपूट नत्थुजी वाकवे तसंच वाकवेल. महादेवरावनं बोट लावलं तं शाई बोटाले आली. ओली! गोवर्धन भिताडाकडं पाहून राह्यला. अन् मॅडम? तिनं लाल पेन काढला, ओळ खोडली, खाली साठ सेंटिमीटर लिवलं. आधीच्या पानाइवर पाह्यलं तं रोजच्याच लाल रेघा.

"तुमाले भेव नाई वाटत?"

"वाटतं ना काका. पण मोजावं तर लागतंच."

मंग ती म्हने, सोमवारी माझ्या पगारावर बिनधास्त बोला, फक्त हे साठ सेंटिमीटर बोलू नका. लोक घाबरून घरोघरी पाणी भरून ठेवतील, दवाखान्याचं कसं? महादेवरावले मागचा उन्हाळा आठवला, मॅडम यायच्या आधीचा. सून, प्रणाली, त्याच दवाखान्यात बाळंत झाली, अन् हे दोन दिवस घरून बादल्या वाहून राह्यले होते.

सोमवारी हॉल गच्च. महादेवराव उभे राह्यले, खिशातून कागद काढला, सारं गाव कान देऊन. एक लाख अडतीस हजार, म्हने... अन् पुढचं तोंडातून निघेच ना. "असू द्या," म्हने, अन् बसले.

झालं! मॅडमनं किती देले, कंडक्टर इकल्या गेला, अशी बोंब. टपरीवर मानसं बाकड्यावरून उठून जायचे. बत्तीस वर्षात ज्यानं एक तिकीट इकडचं तिकडं केलं नाई, तो मानूस! घरी येऊन रडला, तुमाले सांगतो. पन बोलला नाई. मले बी आता, पावसाळा झाल्यावर सांगतलं.

जूनच्या पयल्या हप्त्यात लोकाइच्या तक्रारी पावल्या, मॅडमची बदली झाली. पानी तं अजून पडाचं होतं. नवीन साहेब आले, तब्येतीनं भारी. महादेवराव त्याइले जाऊन भेटले, तं साहेब म्हने, रजिस्टरात तीन मीटर आहे ना, मग टाकीवर कशाला चढायचं?

मंग कोन चढनार? दोन वाजले का महादेवराव डोक्यावर ओला दुपट्टा टाकून निघत. एकशे अठरा पायऱ्या. वर वाकून आत टेप सोडत, मंग साठ, पन्नास, जे असंल ते मोठ्यानं म्हनत, अन् आतून आवाज आला का कान झाकून उतरत. खाली नत्थुजीची ओळ ओलीच असे. खोडत, खरा आकडा लिवत, नव्या व्हॉल्ववाल्याले सांगत. दवाखान्याचं पानी एक दिवस बंद पडलं नाई. सवय लागली, अजून बी जातात.

पगार? एक लाख अठ्ठेचाळीस हजार... नाई, नाई, साहेबाचा! महादेवरावले गोवर्धन चहा पाजते. अर्धा कप.