पुष्कराज, वांगं आणि अल्का सिस्टर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या दवाखान्याचे विश्वस्त आदरणीय केवळरामजी, मंचावरील वडीलधारी मंडळी, सत्कारमूर्ती अल्का सिस्टर, आणि हात धुतल्यावरच आत सोडलेल्या बंधुभगिनींनो,

अल्का सिस्टरांनी बत्तीस वर्षं आमचं ऑपरेशन थिएटर सांभाळलं. मी सर्जन असूनही तिथे त्यांच्या परवानगीनेच वावरलो. मघाशी गळ्यात हार घालताना, फुलं कुठून आणली हे त्यांनी मला दोनदा विचारलं.

पहिल्या रांगेत सौंदडचे जीवनलालभाऊ बसले आहेत. दोन वर्षांपूर्वी मी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन केलं. सहाव्या दिवशी टाक्यांतून पू आला, ताप चढला. कारण काय? मी म्हणालो, साखर वाढलेली आहे, शिवाय तंबाखू-सुपारीचा खर्रा खाता. भाऊ म्हणाले, "नाही जी डाक्टरसाहेब, सासूनं वांग्याची भाजी आनली होती. त्यानंच जखम पिकली." मी मान डोलावली. आपण अडचणीत असलो की वांगंही पटतं.

सिस्टरांना पटलं नाही. पू तपासायला पाठवला, त्यात स्टॅफिलोकोकस निघाला. हा जंतू माणसाच्या कातडीवर आणि नाकात राहतो. झालं, सिस्टर कापसाची काडी घेऊन सगळ्यांच्या नाकामागे लागल्या. अध्यक्षांचंही नाक सुटलं नाही. त्यांचा अहवाल निर्मळ आला आणि त्यांनी तो फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावला आहे.

शेवटी माझं बोट धरलं. ज्योतिषाने दिलेला पुष्कराज मी हातमोजे घालतानाही काढत नसे. तोच जंतू अंगठीखाली सापडला; खड्याच्या टोकाने हातमोज्याला भोक पडलं की तो बाहेर. "सर, तुमचा गुरू बलवान असेल, पण त्याच्याखाली जंतू राहतात," म्हणत त्यांनी साबण लावून अंगठी ओढली आणि उकळत्या पाण्यात टाकली. पाणी पिवळं झालं, खडा पांढरा.

भाऊ एकवीस दिवस तापाशी झगडले आणि सिस्टरांमुळे वाचले. मी मात्र खरं सांगितलं नाही. भाऊ अजून सासूबाईंशी बोलत नाहीत. त्या सुशिलाबाई मागे खांबाजवळ बसल्या आहेत. निरोपाची भेट म्हणून सिस्टरांनी माझ्याकडे एवढंच मागितलं, की आता सांगून टाका.

जीवनलालभाऊ, दोष माझ्या अंगठीचा होता. मला लाज वाटते.

काय म्हणता? "मंग मी दोन साल वांगे काऊन नाही खाल्लो?" प्रश्न रास्त आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. ऑपरेशनमधल्या चुकीचं काय करायचं, ते भाऊंनी ठरवावं. जेवणात वांग्याची भाजी आहे, सुशिलाबाईंनीच केली आहे. पहिला घास त्यांनी जावयाला भरवावा, ही विनंती.

थांबा, सिस्टर बघताहेत. आधी दोघांनी हात धुवा.