कॉलरखालचे गोंडे

शिंप्याच्या दुकानात माझ्यापुढच्या बाई कोट उलटासुलटा करत होत्या.

“मास्तर, कॉलरखाली हे दोन गोंडे कसले?”

“एक आधीचाच होता, पिवळसर, रेशमी. जोडीचा तुटला असेल म्हणून मी तसाच दुसरा लावला.”

“अहो, बाबांच्या कोटाला गोंडा कधी नव्हताच!”

“मग मी नक्कल कशाची केली?”

“कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीची असेल. पण आमच्या माळ्यावरच्या तर पांढऱ्या, चपट्या, कागदासारख्या असतात.”

“हा तर गोल आहे. कोळी इतकं सुबक विणतो?”

“मला काय विचारता! संध्याकाळी बाबांचा निरोप समारंभ आहे. यातला तुमचा कुठला?”

“डावा... नाही, उजवा. माझा चष्मा कुठंय?”

“अगंबाई! डाव्यातून पिल्लं निघाली.”

“हां, म्हणजे उजवा माझा. कुठे चाललीत ती?”

“तुमच्या गोंड्यात.”